देवाला ऊन लागूलालंय

चैत्र सरता सरता आमच्या गल्लीतल्या महादेवावर गळती लागते. पिंडीच्या वर तिवईवर तांब्याचं भांडं, त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी आणि त्या काडीवरून थेंब थेंब पाणी. मृग लागेपर्यंत ही धार रात्रंदिवस चालू असते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. बारा वाजले की रस्ते ओस पडतात, कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडतात. गाभाऱ्यात तेवढं टप् टप् ऐकू येतं.

माझी लेक आता चार वर्षांची आहे. यंदा ती पहिल्यांदाच उंबऱ्याशी बसून ते थेंब नीट बघायला लागली. काडीच्या टोकाशी पाणी जमतं, फुगतं, थरथरतं, समईचा इवलासा उजेड त्यात उतरतो आणि थेंब सुटतो. प्रत्येक थेंबाबरोबर तिची मान वरून खाली येते, परत वर जाते. असं बराच वेळ चाललं. मग तिनं विचारलं, "आजी, हे कामून गळूलालंय?"

"देवाला ऊन लागूलालंय माय," आमच्या सासूबाई म्हणाल्या.

या प्रश्नाची मोठी उत्तरं मला ठाऊक होती. समुद्रमंथन, हलाहल, नीलकंठ, त्या विषाचा दाह. आजींनाही ती सगळी कथा पाठ आहे, श्रावणात त्या ती रंगवून सांगतात. पण त्या दुपारी त्यांनी लेकराला स्वतःच्या अंगावर पडताळून बघता येईल एवढंच सांगितलं. ऊन म्हणजे काय, हे चार वर्षांच्या पोरीला पुरतं कळतं. मानेवर घामोळं आलेलं असतं, पायाला चटका बसलेला असतो, आई ओल्या पंचानं तोंड पुसते तेव्हा बरं वाटतं हेही माहीत असतं. तिच्या जगात देव आला तो हाच, उन्हानं कासावीस होणारा. देवाला काही मागायचं असतं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याला बघायचं, सांभाळायचं, एवढंच तिला समजलं आहे. आणि मला मनापासून वाटतं, श्रद्धेची सुरुवात व्हावी तर अशीच व्हावी.

दुसऱ्या दिवशी ती मुठीत बर्फाचा खडा घेऊन देवळात निघाली. देवळापर्यंत पोचेतो खडा विरघळून कोपरापर्यंत ओघळ आले होते. आजी रागावल्या नाहीत. तिचा ओला तळवा त्यांनी धरला आणि पिंडीच्या कडेला टेकवला.

हे काही लेकराचं खूळ नाही. पंढरपुरात पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठल-रुक्मिणीला चंदनाची उटी लावतात. उगाळलेल्या चंदनाचा गार लेप सर्वांगाला, कारण उन्हाळा आहे आणि विठोबा काही उन्हाळ्याबाहेर राहत नाही. इतक्या शतकांच्या उपासनेनं देवाला अंग दिलं, घाम दिला, तहान दिली. शास्त्र्यापंडितांनी निर्गुणाची चर्चा करावी, ती मोठीच आहे. पण आमच्याकडच्या बायांनी देवाला वारा घातला, त्याच्यापुढं पन्हं ठेवलं, आणि माझ्या पोरीला देव कळतो तो त्यांच्याकडून.

घरातला उन्हाळाही पाण्याभोवतीच फिरतो. सकाळी नळाची वेळ सांभाळायची, मग माठ घासून भरायचा, त्यात वाळ्याची जुडी सोडायची. गच्चीवर कुरडया आणि खारवड्या घातलेल्या असतात, त्या उन्हं चढायच्या आत उलटायच्या. दुपारी खिडकीला ओला पडदा, कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी आणि ताटात कांदा, आंबील, कैरीचा तक्कू. या सगळ्यात लेकीकडं एक काम दिलेलं आहे: गच्चीच्या कठड्यावरचं पाखरांचं परळ भरायचं. मातीचं पसरट परळ आहे, काठाला टवका उडालेला. ती फुलपात्रानं पाणी ओतते आणि ओतून झालं की हात जोडते. हे तिला कुणी शिकवलं नाही. देवळात पाणी घातल्यावर हात जोडतात, मग इथंही जोडायचे, असा तिचा सरळ हिशेब. चिमण्या आल्या की ती दाराआड उभी राहते, हालचाल न करता. एरवी एक क्षण स्वस्थ न बसणारी पोर त्या वेळी श्वाससुद्धा हळू घेते.

मग अक्षय तृतीया येते. आमच्याकडं हा पितरांचा दिवस. कुंभारवाड्यातून मातीच्या नव्या घागरी आणायच्या, पुरुषांच्या नावानं करा आणि बायकांच्या नावानं केळी. धुऊन, गव्हाच्या राशीवर मांडून, गळ्याला पांढऱ्या सुताचे वेढे द्यायचे. आत वाळ्याचं पाणी, तोंडावर आंबा आणि शेजारी खरबूज. या दिवशी पितरांपुढं आंबा ठेवल्याशिवाय आमच्या घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. त्यामुळं बाजारात कितीही आधी पेट्या लागल्या तरी लेकरं आजीच्या मागं लागतात आणि आजी कॅलेंडर दाखवतात.

यंदाचा करा माझ्या सासऱ्यांच्या नावाचा होता. गेल्या हिवाळ्यात ते गेले. लेकीच्या आठवणीतले आजोबा म्हणजे बोट धरून शहरातल्या वजिराबाद भागात कुल्फी खायला नेणारे, आणि दुपारी आडवे होण्याआधी पेलाभर पन्हं पिणारे. करा भरताना पाणी ओतायचं काम तिच्याकडं होतं. ओतता ओतता ती थांबली. "आजी, आजोबाला तर पन्हं आवडतं. मग नुसतं पाणी कामून?"

सासूबाईंचा हात सुताच्या वेढ्यावर तसाच राहिला. पूजेच्या रीतीत त्या भल्याभल्यांचं ऐकत नाहीत, भटजींनाही एखादी गोष्ट सुनवायला कमी करत नाहीत. पण त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कैरी उकडलेली होतीच, तिचा गर गुळात कालवला, वेलदोडा घातला आणि चांदीची वाटी भरून कऱ्यापाशी ठेवली. "घ्या, नातीनं सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. पदर डोळ्यांना लावला नाही. पण त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्या स्वतःहून आजोबांच्या गोष्टी सांगू लागल्या, कितीतरी दिवसांनी. सासरे गेल्यापासून घरात त्यांचं नाव दबकत घेतलं जायचं. ती दबक पोरीच्या एका प्रश्नानं गेली. पुरणपोळी, आमरस, कुरडई आणि आजोबांच्या गोष्टी, अशी ती पंगत झाली.

रात्री गच्चीवर अंथरुणं पडतात. फरशी आधी पाणी मारून निववायची, तरी दहा वाजेपर्यंत तिच्यातून वाफ येत राहते. तिथं आजी नाथांची गोष्ट सांगतात. एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले, पैठणचे, म्हणजे आमच्याच गोदावरीचे, नदीनं आमच्याआधी पाहिलेले. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले, आणि वाटेत तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत पडलेलं. नाथांनी कावड उतरवली आणि सगळं गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं. मराठी घरात ही गोष्ट कुणी ऐकली नाही असं होत नाही. तरी माझी पोर तिच्यात दरवेळी नव्यानं अडकते. गाढवाचं नाव काय? ते उठलं का? मग कुठं गेलं? आणि एकदा तिनं असं विचारलं की मीच उठून बसले: "मग रामेश्वराचा देव तहानलेलाच राहिला?"

आजींनी शांतपणे सांगितलं, "त्यानंच तर पेलं माय. गाढवाच्या तोंडानं."

पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. देव श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरत होता, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून तो रांजण भरायला लागतात. रोज किती घागरी रिचतात आणि एक दिवस कुणाच्या तरी घागरीनं तो काठोकाठ भरून वाहतो. ज्याच्या हातून भरला त्याच्या रूपानं देव येऊन गेला, असं मानतात. फाल्गुनात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात लोकांनी देवाला पाणक्या केलं. यापेक्षा मोठा मान आमच्या भागात दुसरा कुठला द्यायचा? ज्या मुलखात बायांच्या डोक्यावरचे केस घागरीनं झिजले, तिथं घागर वाहणारा देवच आपला वाटतो.

गोष्ट ऐकली की लेकीला गोदावरी बघायची असते. मे महिन्यात मी तिला घाटावर नेते ते थोडं जड मनानं. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात पाणी अडलेलं, खाली शहराजवळ पात्र संथ, कडेला जलपर्णी आणि नाल्यांचं काळं पाणी. गोष्टीतली नदी आणि ही नदी एकच आहे हे चार वर्षांच्या लेकराला समजावणं अवघड जातं. तिनं नाक मुरडलं, मग विचारलं, "नदीला कोण आंघोळ घालतं?" मी काही बोलले नाही. जिला आई म्हणून दिवे सोडतो तिच्यात सांडपाणी सोडू नये, हे भक्तीच्या पहिल्या धड्यातलं आहे. आपण तो धडा ओलांडून पुढं गेलो आहोत, याची मला खरोखर लाज वाटते.

त्याच नदीचं पाणी रोज पहाटेच्या अंधारात गागरीत भरून तख्त सचखंड श्री हजूर साहिबला जातं आणि त्यानं तख्ताचं स्नान होतं. १७०८ साली गुरु गोविंदसिंगजींनी इथंच देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये उभी राहिली. नांदेडच्या लेकरांना मात्र हा इतिहास नंतर कळतो. त्यांना आधी कळतो तो पायांना लागणारा गार संगमरवर. संध्याकाळी आम्ही जातो, लेकीच्या डोक्याला रुमाल बांधते, तो सारखा डोळ्यांवर घसरतो. दाराशी पाय धुताना ती मुद्दाम रेंगाळते. लंगरमध्ये मांडी घालून बसते आणि प्रसादा, म्हणजे पोळी, घ्यायला दोन्ही हात पुढं करते, कारण शेजारच्या आजोबांनी तसे केले. पाणी वाढणारा दाढीवाला दादा तिच्यासमोर वाकतो तेव्हा ती मान ताठ करून वाटी धरते.

जेठ महिन्यात पाचवे गुरु अर्जनदेवजी यांचा शहीदी दिवस असतो. १६०६ साली लाहोरला त्यांना तापलेल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापती वाळू ओतली, असं परंपरा सांगते. त्या दिवशी शीख बांधव रस्त्यावर छबील लावतात. गार दूध-पाणी, साखर, गुलाबाचं सरबत, आणि येणारा-जाणारा कोणीही असो, हातात पेला. ज्याला आगीत बसवलं त्याच्या नावानं जगाला गारवा वाटायचा. या रीतीपुढं माझं डोकं आपोआप लवतं. लेकीला तव्याची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. पेला देणाऱ्याचा हात तिनं आधी ओळखावा, तव्याचं कळायला आयुष्य पडलं आहे.

असाच एक उन्हाळा आठवतो. २०१८ च्या मे महिन्यात आपला धोंड्याचा महिना आणि रमजान एका दिवसाच्या अंतरानं सुरू झाले होते. दोन्ही महिने चंद्राचे, म्हणून तसं जुळलं. पहाटे अधिकाच्या स्नानाला घाटाकडं निघालेल्या बाया आणि सहेरीसाठी उजळलेल्या खिडक्या एकाच वेळी दिसायच्या. संध्याकाळी शहरातल्या इतवारा भागात टरबुजाच्या फोडी आणि लाल सरबताचे जग मांडलेले असायचे. उन्हाळ्यातला अधिक मास आणि मेमधला रमजान लेकीच्या वाट्याला पुन्हा कधी एकत्र येतील तेव्हा येवोत, मी ते तिला तोंडी सांगून ठेवलं आहे.

लातूरची माझी मावशी दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडं येते. २०१६ चा उन्हाळा तिनं लातुरात काढला. पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मावशी सांगते, त्या दिवसांत ती देवाला पळीभर पाण्यात न्हाऊ घालायची, ते पाणी तुळशीला, आणि तुळशीच्या कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात उतरलेलं पाणी पाखरांना. शेजारणीनं विचारलं, अगं देवाचं स्नान एवढंसं? मावशीनं उत्तर दिलं, देव लातूरचाच आहे. त्याला कार्डावर जेवढं पाणी मिळालं तेवढं मी घातलं. माझ्या वाचनात आलेल्या कितीतरी प्रवचनांपेक्षा मला हे वाक्य जवळचं वाटतं.

तेव्हापासून मावशी पाहुण्याला पेला अर्धाच भरून देते. तहान असली तर माणूस आणखी मागेल, उरलं तर मोरीत जाईल. यावरून यंदा तिचं आणि माझ्या सासूबाईंचं चांगलंच वाजलं.

"दारी आलेल्याला अर्धा पेला? हे कुठलं वळण बाई?" सासूबाई म्हणाल्या. "उन्हातून आलेला माणूस म्हणजे देवच की."

"म्हणूनच म्हणते ताई," मावशी म्हणाली. "देवाचं उष्टं मोरीत ओतायचं नाही."

दोघींचंही मला पटलं, त्यामुळं मी मधे पडले नाही. लेक मात्र दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तेव्हापासून घरी कुणीही आलं की पाणी तीच नेते. पेला अर्धा भरते, मावशीसारखा, आणि दुसऱ्या हातात छोटा तांब्या घेऊन पाहुण्यासमोर उभी राहते, आजीसारखी. पेला रिकामा झाला की पुन्हा अर्धा भरते. माणूस पुरे म्हणेपर्यंत जागची हलत नाही. काल गॅसची टाकी घेऊन आलेला पोरगा घामानं निथळत होता. त्याला तिनं असं पुन्हा पुन्हा पाजलं. शेवटी त्यानं हसत दोन्ही हात जोडले तेव्हा तिनंही तांब्या खाली ठेवून त्याला हात जोडले, आणि आतून आजी ओरडल्या, "अगं, त्याला गुळाचा खडा दिलास का?"