शेवळांची जुडी

परदेशात आयुष्य घालवलेली माणसे मायदेशी परतली म्हणजे त्यांना प्रथम कशाची आठवण होते, याचे मला मोठे कुतूहल आहे. कुणी देवदर्शनाला जातो, कुणी जुन्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसतो. माझा एक बालमित्र पस्तीस वर्षे कॅनडातील टोरांटो शहरी नोकरी करून निवृत्त झाला आणि गेल्या जून महिन्यात भिवंडीस आला. घरात पाऊल टाकताच त्याने मला विचारले, "मास्तर, बाजारात शेवळं आली का रे?"

शेवळे ही कुणी पेरून उगवलेली भाजी नव्हे. मृगाच्या सरी पडू लागल्या, की आमच्या ठाणे जिल्ह्याच्या रानात सुरणाच्या कुळातील एका कंदाला जांभळट कोंब फुटतात. तीच शेवळे. ती थोडेच दिवस मिळतात आणि ज्याने ती लहानपणी खाल्ली आहेत, त्याला पावसाचा पहिला वास आला की तीच आठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तीनबत्तीच्या भाजीबाजारात गेलो. रात्री पाऊस होऊन गेला होता. पायाखाली चिखल, आजूबाजूच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची अखंड खटखट आणि तिच्यावर आवाज चढवून ओरडणारे हातगाडीवाले! गाड्यांवर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो यांचे ढीग होते. पण माझ्या मित्राची नजर तिकडे नव्हती. रस्त्याच्या कडेला, गोणपाट अंथरून, खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. कोवळा टाकळा, कुरडू, फोडशी, अळूची पाने, सारे हिरवेगार आणि ओलेचिंब. कुठे तराजू नाही, सगळा कारभार जुडीचा नाही तर वाट्याचा.

"आमच्या टोरांटोला सेंट लॉरेन्स नावाचा बाजार आहे," मित्र सांगू लागला. "१८०३ सालापासून भरतो. शनिवारी शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. मी दर शनिवारी जायचो. सफरचंदं कोणत्या शेतातली, हे विचारलं की ते अभिमानानं सांगतात." मी म्हटले, "इथेही विचार की! पाटी नसली तरी तोंड आहे."

एका म्हाताऱ्या बाईपुढे शेवळांच्या जुड्या होत्या, रानवेलीने नीट बांधलेल्या. मित्राने घाईघाईने तीन जुड्या उचलल्या आणि पैसे पुढे केले. तिने पैसे घेतले नाहीत.

"काकडं घेतल्याबिगर मी शेवळं देत न्हाय, दादा. घसा धरला म्हंजे मलाच शिव्या द्याल."

काकड म्हणजे रानातल्या एका झाडाचे लहानसे, हिरवे, आंबट फळ. मित्राला शेवळांची चव आठवत होती. आई त्यात काकडांचा रस घालीत असे, हे मात्र तो साफ विसरला होता. सुरण-अळूप्रमाणेच शेवळांतही सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. रसायनशास्त्रात त्यांना कॅल्शियम ऑक्झलेट म्हणतात. तेच घशाला टोचतात. म्हणून आतला पिवळसर भाग काढून टाकावा लागतो आणि आंबटाची जोड द्यावी लागते. त्या बाईला स्फटिकांचे नाव ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक होता. आम्हा शिकलेल्या माणसांचे पुष्कळदा याच्या उलट असते.

मित्राने काकडे घेतली. तिने वर एक मूठ अधिक टाकली. मग त्याने विचारले, "आजी, माणकोलीकडची भाजी कुणाकडे मिळेल? तिकडची भेंडी फार गोड असायची."

ती हसली. "माणकोलीकडं आता भाजी कुठली, दादा? समदी गोदामं झाली. तिकडचीच माणसं आमच्याकडनं भाजी नेतात."

माझा मित्र त्याच बाजूचा. तो एकदम गप्प झाला. त्याच्या मौनाचे कारण मला ठाऊक होते. माणकोलीजवळ त्याच्या वडिलांची दोन एकर भातखाचरे अजून शिल्लक आहेत. पुतण्या ती कसतो. सातबाऱ्यावर नाव मात्र याचे. तिन्ही बाजूंना गोदामे उभी राहिली आहेत आणि चौथीही बाजू भरून काढू इच्छिणारा गिऱ्हाईक रोज फोन करीत होता. शेवळे हे निमित्त होते. मित्र आला होता तो सह्या करण्यासाठी.

जुन्या गॅझेटियरात भिवंडीचे मुख्य धंदे म्हणून कापड विणणे आणि भात सडणे, असे दोन धंदे दिलेले आहेत. पहिला आजही कानी पडतो. दुसऱ्याची जागा गोदामांनी घेतली. मुंबई जवळ, नाशिकचा महामार्ग दाराशी, १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालेले आणि पुन्हा मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर. व्यापाऱ्यांनी माल साठवायला हीच जागा निवडली, यात नवल नाही. २०१७ साली जकात गेली, गोदामे राहिली, वाढली. त्यांना नावे ठेवणे मला जमत नाही. माझे कित्येक माजी विद्यार्थी तेथे नोकरी करतात. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. परंतु खाचरावर एकदा भराव पडून काँक्रीट झाले, की तेथे पुन्हा भात लावता येत नाही, हेही मी वर्गात कितीदा तरी सांगितले आहे.

घरी आल्यावर माझ्या पत्नीने शेवळे निवडली, चिरली, काकडांचा रस काढला. मित्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून एकेक कृती पाहत होता आणि मधूनच एका चिठोऱ्यावर लिहून घेत होता. जेवताना तो फारसा बोलला नाही. भाजी मात्र त्याने तीनदा मागून घेतली.

संध्याकाळी पुन्हा गिऱ्हाइकाचा फोन आला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत असावा. मित्र नुसता ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "रोपं तयार आहेत. पुतण्याची लावणी होऊ द्या. भात निघालं, की दिवाळीनंतर बघू."

फोन ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर पाऊस चांगलाच धरला होता. त्याचे परतीचे तिकीट पंधरा दिवसांनंतरचे होते.