दम लागत नाही, पण पाय तयार आहे का?

परवा ओपीडीत ४८ वर्षांचे एक गृहस्थ आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांना मधुमेहाचं निदान झालं, तेव्हा मीच त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. ते चालता चालता पळायला लागले आणि दोन महिन्यांत दहा किलोमीटरवर पोहोचले. साखर आटोक्यात आली होती, वजनही उतरलं होतं. तक्रार एकच होती: सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेच्या वर, मागच्या बाजूला चमक येते. मी बोटांनी दाबून पाहिलं. तिथली जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, सुजलेली होती. पळणं तूर्त बंद करावं लागेल, असं मी सांगितलं.

"पण डॉक्टर, मला दम अजिबात लागत नाही!"

हे वाक्य मी स्वतः एकदा उच्चारलं आहे. फक्त ते माझ्याबद्दल नव्हतं, एका घोड्याबद्दल होतं. आणि चूक माझी असली तरी तिची किंमत त्या घोड्याने मोजली. आजचा लेख त्याच्याबद्दल आहे. डॉक्टर आज भलतीकडेच निघाले असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या गुडघ्यांचा आणि टाचांचा यात संबंध आहे.

माझी मुलगी पुण्यात एका ठिकाणी घोडेस्वारी शिकत होती. दहावीचं वर्ष आलं आणि तिने ते सोडलं. तीन महिन्यांची फी भरलेली होती, म्हणून मी जायला लागलो. तेव्हा मी ५१ वर्षांचा होतो आणि माझी स्वतःची साखर काठावर होती. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब होते, मूळचे साताऱ्याकडचे. मला दिलेल्या घोड्याचं नाव तुफान. शर्यतीतून निवृत्त झालेला, नऊ वर्षांचा, तांबूस रंगाचा घोडा. शर्यतीच्या घोड्यांचं धावणं लवकर संपतं, आयुष्य मात्र पंचवीस वर्षांपर्यंत असू शकतं. म्हणून रायडिंग स्कूलमध्ये असे घोडे पुष्कळ दिसतात.

तुफानला एकच गोष्ट येत होती: सरळ, जोरात धावणं. लगाम ओढला की तो थांबायच्या ऐवजी तोंडातल्या कडीवर भार टाकून आणखी पुढे रेटायचा. त्याला थांबायला, वळायला, हळू चालायला नव्याने शिकवायचं होतं. या शिकवण्याला फ्लॅटवर्क म्हणतात, म्हणजे अडथळ्यांशिवाय सपाट मैदानावर केलेलं काम. वीस मीटर व्यासाचं वर्तुळ घ्यायचं. त्यावर आधी साधी चाल, मग दुडकी, मग कँटर, पुन्हा दुडकी, पुन्हा चाल. डावीकडून जितक्या वेळा, तितक्याच वेळा उजवीकडून. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस तासभर नुसता गोल फिरतोय.

या गोल फिरण्यात काय चाललेलं असतं ते एक डॉक्टर म्हणून मला फार आवडलं. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याची छाती दोन पुढच्या पायांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत लटकलेली असते. शरीराचा सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर, त्यात वर आपण बसतो. फ्लॅटवर्कचा उद्देश हा की घोड्याने मागचे पाय पोटाखाली आणावेत, पाठ उचलून धरावी आणि पुढच्या पायांवरचा भार थोडा हलका करावा. शिवाय आपण जसे डावखुरे किंवा उजवे असतो, तसा घोडाही एका बाजूला सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूला आखडतो. दोन्ही बाजू सारख्या करायला महिने लागतात. हेच काम अगदी टोकाला नेलं की त्याला ड्रेसाज म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. १९८२ नंतर घोडेस्वारीत आपल्याला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता.

मला मात्र उडी मारायची होती.

"डॉक्टरसाहेब, उडी म्हणजे काय?" रिसालदारसाहेब म्हणायचे. "कँटरचंच एक पाऊल, जरा मोठं. कँटर चांगला तर उडी चांगली. दांडा वर करायला काय, पोरगं पण करतंय."

त्यांची पद्धत पायरीपायरीची होती. आधी जमिनीवर नुसते दांडे ठेवायचे, एकमेकांपासून साधारण साडेचार फुटांवर, आणि दुडकीने त्यांच्यावरून जायचं. घोडा पाय उचलायला शिकतो, स्वार तोल सांभाळायला शिकतो. मग कातरीसारखे दोन दांडे फुलीत रचायचे, मधोमध जेमतेम फूटभर उंच. मग ओळीने दोन अडथळे. कँटरचं एक पाऊल साधारण १२ फुटांचं धरतात. त्यामुळे दोन अडथळ्यांत २४ फूट ठेवले की सहा फूट उतरायला, १२ फुटांचं एक पाऊल आणि सहा फूट पुढच्या उडीच्या तयारीला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि कपाळासमोरचा, नाकाखालचा भाग त्याला दिसत नाही. अगदी जवळ आलेला अडथळा तो बऱ्याच अंशी आधी पाहिलेल्या अंदाजावर ओलांडतो. त्या क्षणी वरच्या माणसाने लगाम ओढला किंवा मागे झुकला की सगळं बिघडतं. पूर्वी स्वार उडीच्या वेळी मागेच झुकत. फेडेरिको काप्रिल्ली या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने १९०० च्या सुमारास घोड्याबरोबर पुढे झुकण्याची पद्धत रुजवली. आज जगभर तीच वापरतात.

आठवड्यातून दोनदाच उडी, बाकीचे दिवस फ्लॅटवर्क, असा रिसालदारसाहेबांचा नियम होता. दीड वर्ष मी तो पाळला.

मग २६ जानेवारीला आमच्या तिथे एक घरगुती स्पर्धा ठरली. मी ८० सेंटीमीटरच्या गटात नाव दिलं. तोपर्यंत आम्ही ६० च्या वर गेलो नव्हतो. डिसेंबरअखेर रिसालदारसाहेब पुतणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत दांडे खालीच ठेवा." मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोतद्दाराला दांडे वर करायला सांगायला लागलो. रोज.

मी बेफिकीर नव्हतो, हे सांगायला हवं. मी स्टेथोस्कोप घेऊन जात होतो. घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागे तो लावला की हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकू येतात. विश्रांतीत तुफानचे ठोके मिनिटाला ३६ होते, निरोगी घोड्याला शोभतील असेच. कामानंतर ते वाढायचे आणि दहा मिनिटांत बरेच खाली यायचे. श्वासही पटकन शांत व्हायचा. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं: मी हृदय तपासत होतो, पायाकडे बघतच नव्हतो.

बाकीची चिन्हं दिसत होती. तुफान अडथळ्याकडे अचानक घाईने झेपावायला लागला होता. मला वाटलं, त्याला उत्साह आलाय. उडीच्या आधी शेपटी फटकारायचा. मला वाटलं, माश्या असतील. उतरल्यावर दरवेळी एकाच बाजूचा पाय पुढे टाकायचा. मला वाटलं, सवय. दहाव्या दिवशी मोतद्दार म्हणाला, "साहेब, डाव्या पायाला आज गरमी वाटतीय." मी हात लावून पाहिला. पाय खरंच किंचित गरम होता. रात्रभर पट्टी बांधलेली असेल, म्हणून मी सोडून दिलं आणि म्हणालो, "अरे, त्याला दमही लागत नाहीये." त्या दिवशी आम्ही आठ उड्या मारल्या.

सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची लक्षणं मी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षापासून घोकत आलो आहे. रुग्णाने असा गरम पाय दाखवला असता, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी पळू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुफान लंगडत होता. डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागचा भाग केळ्यासारखा बाकदार फुगला होता. पशुवैद्यांनी सोनोग्राफी केली. टेंडनच्या मधोमध काळा डाग दिसला, म्हणजे तंतू तुटलेले. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली जवळजवळ स्नायूच नसतात. हाडं आणि या लांब दोऱ्या, एवढंच. भरधाव धावताना या दोऱ्या त्यांच्या ताकदीच्या मर्यादेजवळ ताणल्या जातात, आणि उडीनंतर उतरताना क्षणभर एकाच पुढच्या पायावर जवळजवळ सगळा भार येतो.

रिसालदारसाहेब परत आले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पायावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा आता वर्षभर नाही." मग जरा थांबून, "वर्षभर ठेवतील का त्याला, ते बघायला पाहिजे."

त्याचा अर्थ मला कळायला वेळ लागला नाही. काम न करणारा घोडा रोज तितकंच खातो. मालकांनी हिशेब मांडला, आणि तो मांडणं चुकीचं नव्हतं. मी वर्षभराचा दाणागोटा आणि औषधाचा खर्च उचलायचं कबूल केलं. त्यात मोठेपणा काही नाही. मोडलं मी होतं.

आधी थंड पाण्याची धार आणि तबेल्यात विश्रांती. मग हाताने धरून चालवणं, दिवसाला दहा मिनिटं. दर आठवड्याला थोडी वाढ. ते काम मी घेतलं. सकाळी साडेसहाला दोरी धरून आम्ही दोघं चालायचो. पुन्हा सोनोग्राफी, मग पाठीवर बसून साधी चाल, मग सरळ रेषेत दोन-दोन मिनिटं दुडकी. वर्तुळं सगळ्यात शेवटी, कारण वळताना पायावर तिरका ताण येतो. अकरा महिन्यांनी तुफान पुन्हा नीट दुडकी धावला. टेंडन भरून येतो, पण मूळच्या तंतूंनी नाही. तिथे व्रणाची उती तयार होते आणि ती कमी लवचीक असते. म्हणून तुफानने पुन्हा उंच उडी मारली नाही. तो आता लहान मुलांना फ्लॅटवर्क शिकवतो.

आता तुमच्याबद्दल. व्यायाम सुरू केल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसांचा दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूंची ताकद दोन-तीन महिन्यांत जाणवते. टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्यांना कित्येक महिने लागतात. हाडांचंही तसंच आहे. म्हणजे तुमचा दम जेव्हा "आणखी पळ" म्हणतो, तेव्हा टाचेची दोरी त्यासाठी तयार असेलच असं नाही. पन्नाशीनंतर आणि मधुमेहात टेंडन अधिक कडक होतात, तेव्हा हे अंतर आणखी वाढतं.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच वाढवा. उड्या मारण्याचे किंवा जोरात पळण्याचे व्यायाम रोज करू नका, मध्ये हलके दिवस ठेवा. व्यायाम करताना दुखलं नाही एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं कशी पडतात ते पाहा. एक जागा सुजली, गरम लागली किंवा दाबल्यावर दुखली, तर त्या दिवशी थांबा. दुखणं दाबून पळण्यासाठी वेदनाशामक गोळी घेऊ नका. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या गटातलं प्रतिजैविक चालू असेल, तर तुम्ही व्यायाम करता हे डॉक्टरांना जरूर सांगा. या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते. साठीनंतर आणि स्टेरॉइड चालू असताना हा धोका वाढतो. मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

टाच दुखणाऱ्या त्या गृहस्थांना मी तुफानची गोष्ट सांगितली. पळणं थांबवून आम्ही सपाट रस्त्यावरचं चालणं, सायकल आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटरीचे व्यायाम सुरू केले आहेत. त्यांना ते कंटाळवाणं वाटतं. परवा फोनवर म्हणाले, "डॉक्टर, मी सध्या नुसता गोल फिरतोय."

"फिरत राहा," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी सारखं."