चूक बेटांच्या तळाशी

प्रशांत महासागरातल्या या बेटांचे पूर्वीचे नाव ट्रक, आताचे चूक. मराठी माणसाने हसू आवरावे! फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी बुडवलेली जपानी जहाजे येथे अजून तळाशी आहेत. ती पाहायला जगभरचे पाणबुडे येतात, आणि वाद घालतात तो श्वासाचा.

साध्या नळकांड्यातला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून हवाही चौपट वेगाने संपते. शिवाय जहाजाच्या पोटात बुडबुडे छताला लागले, की गंजाचे पापुद्रे झडून पुढचे दिसेनासे होते. रीब्रीदर मात्र काटकसरी गृहिणीसारखा: उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड चुन्यात शोषायचा, खर्चला तेवढाच प्राणवायू घालायचा, हवा तीच.

मग प्रश्न सुटला? छे! नळकांडे रिकामे होत आले, की श्वास ओढतानाच कळते. येथे प्राणवायू घटला, तरी जीव घुसमटत नाही. ती घुसमट ज्याच्यामुळे व्हायची, तो वायू चुन्याने आधीच गिळलेला असतो. माणूस सरळ बेशुद्ध होतो. म्हणून डोळे सतत आकड्यांवर. पन्नास-साठ मीटरवरच्या ‘सान फ्रान्सिस्को मारू’साठी अनुभवी माणसाने तो खुशाल घ्यावा. ‘फुजिकावा मारू’ त्या मानाने उथळ आहे, तिच्या कोठारात झीरो विमानांचे सांगाडे आहेत, आणि तेथे साधे नळकांडे पुरते.