वाळूत तगलेली द्राक्षवेल

लिस्बनच्या वायव्येस सिंत्रा नावाचे डोंगराळ गाव आहे. तेथील राजवाडे पाहून बहुतेक प्रवासी माघारी फिरतात. परंतु तेथून समुद्राकडे उतरणाऱ्या, १९०४ साली सुरू झालेल्या विजेच्या ट्रामचा मार्ग धरला, की वाटेत कोलारिश लागते. अटलांटिक महासागर येथून जवळच. खारा वारा, धुके आणि पायाखाली भुसभुशीत वाळू! अशा भूमीत द्राक्षे पिकत असतील, हे सांगूनही खरे वाटू नये. तथापि येथील वाइनचा लौकिक असा, की १९०८ सालीच तिच्या उत्पादनक्षेत्राची सीमा कायद्याने आखून देण्यात आली.

तांबड्या वाइनसाठी येथे ‘रामिश्कु’ जातीची द्राक्षे लावतात, पांढरीसाठी ‘माल्व्हाझिया’. वेलीची मुळे वाळूच्या थराखालील चिकणमातीत पोचवावी लागतात. त्यासाठी पूर्वी मजूर खोल चर खणीत. वाळू ढासळून अंगावर आलीच, तर श्वास कोंडू नये म्हणून ते डोक्यावर टोपली पालथी घालून काम करीत, असे सांगतात. वेली मांडवावर न चढवता जमिनीवरच पसरू देतात आणि वारा अडविण्यासाठी भोवती वाळक्या बोरूचे कूड उभारतात. घड पिकू लागले, की तापल्या वाळूने ते भाजू नयेत म्हणून फांद्यांना लहान टेकू देतात.

एवढा खटाटोप कशासाठी? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाची, मुळांवर जगणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिने मळेच्या मळे उजाड केले. अखेर अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलमे बांधून युरोपची द्राक्षशेती सावरली. कोलारिशच्या वाळूत मात्र त्या किडीला वाट सापडली नाही. जी जमीन इतर पिकांना निरुपयोगी, तिनेच या वेलीला अभय दिले. तेथील रामिश्कु आजही स्वतःच्याच मुळांवर उभी आहे.

तिची वाइन कोवळेपणी तुरट आणि आंबट असते. पिंपात व बाटलीत काही वर्षे मुरल्यावरच ती मवाळ होते. भाजलेले करडू, शिकारीचे मांस किंवा जुने चीज यांच्याबरोबर ती घेतात, कारण स्निग्ध पदार्थांनी तिचा तुरटपणा निवतो. पांढऱ्या माल्व्हाझियाला किंचित खारट चव असते. तिच्या जोडीला निखाऱ्यावरची मासळी, किंवा लसूण, कोथिंबीर व ऑलिव्ह तेल घालून शिजवलेल्या तिसऱ्या. या ताटापाशी गोव्याच्या वा कोकणच्या माणसाला परके वाटणार नाही.

कीड हरली, पण विसाव्या शतकात नवे संकट आले. राजधानीजवळच्या या किनाऱ्यावर घरे व बंगले उठू लागले, तसा जमिनीचा भाव द्राक्षांच्या उत्पन्नाला झेपेनासा झाला. आता वाळूतले मळे अवघ्या काही दहा हेक्टरांवर आले आहेत. १९३१ साली शेतकऱ्यांनी स्थापिलेले सहकारी मद्यगृह अजून चालू आहे. अलीकडे काही जणांनी नवी लागवडही केली. पणजीत शाखा असलेली ‘फुंदासांव ओरिएंत’ ही संस्था त्यांपैकीच एक. वाळूत लावलेली वेल फळाला येण्यास वर्षे लागतात, आणि भूखंड विकण्यास एक सही पुरते. तरीही कोणी तेथे नवी वेल लावतो, ही गोष्ट दिलासा देणारी आहे.