पोलीस ठाण्यावर पीएच.डी. आपण का करू नये?



समाजशास्त्रात एम.ए. केल्यापासून यवतमाळ जिल्ह्यात सामाजिक काम करतोय. या कामात माझा सर्वात जास्त वेळ कुठे गेला असेल, तर तो पोलीस ठाण्याच्या बाकावर. फिर्याद घ्यायला लावा, ॲट्रॉसिटीचं कलम लावायला लावा, एफआयआरची प्रत मागा. या अनुभवावर पीएच.डी. करायचं मनात आलं, तेव्हा एका प्राध्यापकांनी सल्ला दिला, "भाऊ, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता? बाबासाहेबांच्या विचारांवर विषय घ्या, लवकर मोकळे व्हाल."

सल्ला प्रेमाचा होता, पण पटला नाही. खुद्द बाबासाहेबांनी काय केलं? 1916 साली कोलंबियात त्यांनी जातिसंस्था कशी चालते यावर निबंध वाचला. 1923 साली लंडनची डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. माणसाचं जगणं ठरवणाऱ्या यंत्रणा त्यांनी उघडून पाहिल्या. आज दलित, आदिवासी आणि भटक्या माणसाचं जगणं ठरवणारी एक यंत्रणा म्हणजे ठाणे, कोर्ट आणि तुरुंग. 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यांतली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेलाच नव्हता. यावर आपण प्रबंध लिहायचे नाहीत, तर कोणी लिहायचे?

हा प्रश्न केवळ पदवीचा नाही. 20 मार्च 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. कायद्याचा गैरवापर होतो असं सांगताना, पोलिसांनी खोटी ठरवून बंद केलेल्या तक्रारींचे एनसीआरबीचे आकडे त्यात दिले गेले. आता हा आकडा तयार कुठे होतो? ठाण्यात. तपास अधिकारी 'ब समरी' पाठवतो आणि तक्रार खोट्यांच्या रकान्यात जाते. साक्षीदार गावाच्या दबावाखाली गप्प बसले, की तपासच नीट झाला नाही, हे त्या रकान्यात दिसत नाही. 2 एप्रिलला भारत बंद झाला, संसदेने 18-अ कलम आणलं, आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. रस्त्यावरची लढाई आपण जिंकलो. पण ती 'ब समरी' कशी लिहिली जाते, याचा तालुकानिहाय अभ्यास आपल्या हातात असता, तर पहिल्याच सुनावणीत तो मांडता आला असता.

अभ्यासाने काय होतं, याचं उदाहरण विदर्भातच आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून तो निकाल मुद्द्यानिशी खोडून काढला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपल्याच जिल्ह्यातल्या राजूरचे डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवर पुस्तक लिहिलं म्हणून ते हत्याकांड जगाच्या अभ्यासात गेलं. मोर्चा आणि मांडणी दोन्ही लागतात.

इंग्लंडमध्ये 'प्रोफेशनल डॉक्टरेट' नावाची पदवी आहे. पोलीस, तुरुंग अधिकारी, प्रोबेशन अधिकारी नोकरी न सोडता स्वतःच्या कामातलाच प्रश्न घेऊन संशोधन करतात. आपल्याकडे तशी रूढ पदवी नाही, पण यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ची वाट मोकळी ठेवली आहे. नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. म्हणजे काम करता करता संशोधन होऊ शकतं.

अडचणी आहेतच. पहिली, माहिती मिळण्याची. माहिती अधिकारात अर्ज टाकला की "तपास सुरू आहे" असं उत्तर येतं. पण विशेष न्यायालयांचे निकाल उघड असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा बसावं असा नियम आहे. बैठका झाल्या का, इतिवृत्तात काय लिहिलं, हे मागता येतं. दोषारोपपत्र 60 दिवसांत गेलं का, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने केला का, हे निकालपत्रं आणि कोर्टाचे कागद वाचून मोजता येतं. सुरुवात तिथून करावी.

दुसरी अडचण जास्त गंभीर. पारधी बेड्यावर जाऊन तुम्ही वही उघडता. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, तरी चोरी झाली की गाडी आधी बेड्यावरच येते. अशा ठिकाणी एखादा पोरगा विश्वासाने काही बोलला आणि उद्या तुमची वही पोलिसांनी मागितली तर? वकिलाला अशिलाची गोष्ट न सांगण्याचं संरक्षण आहे, संशोधकाला नाही. म्हणून मी नियम केला आहे: वहीत नाव नाही, गाव नाही, आणि "तू काय केलंस" हा प्रश्नच नाही. "पोलिसांनी काय केलं" एवढंच विचारायचं. आपल्या प्रबंधासाठी कुणाचा जामीन अडू नये.

तिसरी, तटस्थतेची. "तुम्ही कार्यकर्ते, तुमचं संशोधन एकतर्फी" असं म्हणतील. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने पोलिसांवर प्रबंध लिहिला तर त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे खरं. पण एवढ्याने आपली सुटका होत नाही. निवडक प्रकरणं घेऊ नका. पाच वर्षांतली एका ठाण्याची सगळी घ्या. त्यात फितूर झालेले फिर्यादी येतील, पैसे घेऊन मिटवलेली प्रकरणं येतील, आपल्याच काही पुढाऱ्यांनी केलेल्या मांडवल्याही येतील. ते लपवलं तर आपला आकडाही त्यांच्यासारखाच होईल.

पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा इथं एमएसडब्ल्यू, एलएलबी, समाजशास्त्र करणारी आपली पोरं-पोरी आहेत. प्रत्येकाने एकेक ठाणं घ्या. मी माझं निवडलं आहे आणि निकालपत्रं वाचायला लागलो आहे. ज्यांना सोबत बसून वाचायचंय, त्यांनी रविवारी विहारात या.

जय भीम!