विहिरीतून थेट रीफवर!

वडीगोद्री. धुळे-सोलापूर हायवेवरचं अंबड तालुक्यातलं गाव. पाचोड मागे टाकलं की वडीगोद्री, आणि पुढे शहागडला गोदावरी. समुद्र? तो सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब! अशा गावातून पुण्या-मुंबईच्या ऑफिसात आलेला एखादा जण लंच टेबलवर म्हणाला, ‘यंदा सुट्टीत लिव्हअबोर्ड करतोय, पाण्याखाली फोटोग्राफी करणार,’ तर समोरच्याचा घास हातात राहणारच. पण बॉस, हे अजिबात अशक्य नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही. आपण बहुतेकदा आधी कॅमेरा घेतो, मग बोट बुक करतो आणि सगळ्यात शेवटी डायव्हिंग शिकतो. हा क्रम बरोबर उलटा करायचा आहे.

बोट हेच हॉटेल

लिव्हअबोर्ड म्हणजे राहायची बोट. आठवडाभर तिच्यावरच झोपायचं, जेवायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं. आठवड्यात पंधरा-वीस डाइव्ह होतात. रिसॉर्टवरून जिथे पोचताच येत नाही, अशा रीफवर तुम्ही सकाळी सहाला हजर!

अशी जागा आपल्या महाराष्ट्रासमोरही आहे. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून दूर, भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, आंग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे प्रवाळ आहेत, पण बेट नाही, किनारा नाही, उभं राहायला वीतभर जमीन नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा प्रकार तिथे चालत नाही. आणखी एक गंमत. पठाराच्या सगळ्यात उथळ भागावरही सुमारे वीस मीटर पाणी आहे, आणि डायव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादा आहे अठरा मीटर. म्हणजे आपल्याच समुद्रातलं हे वैभव नवशिक्याच्या आवाक्याच्या दोन मीटर खाली! शिकण्याला पर्याय नाही, तो असा.

विहिरीतलं काय ठेवायचं, काय सोडायचं

आमच्याकडची पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला डबा बांधायचा, काठावर मामा किंवा चुलते दोरी धरून उभे, आणि द्यायचं ढकलून. पुढे डबा सुटतो, मग मुटका मारणं सुरू होतं आणि शेवटी खरी पैज लागते, बुडी मारून तळाची माती कोण वर आणतो त्याची. यात एक गोष्ट फार मोलाची मिळते. पाण्याची भीती जाते. ओपन वॉटर कोर्सला दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. वेळेचं बंधन नाही. विहिरीत तयार झालेल्याला हे अवघड जाऊ नये.

पण एक सवय मात्र मुळासकट सोडायची. श्वास रोखून धरायची! विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती दाबली जाते, वर येताना पूर्ववत होते. काही बिघडत नाही. स्कूबामध्ये मात्र हवा खाली असतानाच सिलिंडरमधून घेतलेली असते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस ती देऊ शकत नाही, फाटतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. तळाची माती आणणाऱ्या चॅम्पियननं हे सगळ्यात आधी घोकावं, कारण घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीकडेच वळतो.

दुसरं कानांचं. विहिरीत कान दुखले तरी आपण रेटून खाली जायचो. इथे तसं नाही. नाक धरून हलकी हवा ढकलायची, कान मोकळे झाले नाहीत तर थोडं वर यायचं. यात मर्दुमकी दाखवायला जागा नाही.

पहिला टप्पा : तारकर्ली

मालवणला गेलेल्या प्रत्येकाकडे माशांसोबतचा एक व्हिडिओ असतो. त्या डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो. मजा येते, पण ते प्रशिक्षण नव्हे. कोर्स वेगळा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, सरावासाठी खोल तलावासह. ओपन वॉटर कोर्सला साधारण तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डाइव्ह होतात. आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयाचा त्रास असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका.

परतीचंही बघा. डायव्हिंगनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन उरतो. लगेच उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही. हा सल्ला सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो, आणि आपली आंबोली त्याहून उंच आहे! दुपारी डाइव्ह आणि रात्री घाट चढून थेट मराठवाडा, हा प्लॅन कॅन्सल. एक रात्र मालवणात काढा. मासे खाण्यात जाईल, तक्रार नसावी.

दुसरा टप्पा : बोट कोणती?

पहिल्या लिव्हअबोर्डसाठी मालदीव सोपं पडतं. मुंबईहून जवळ, व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही, बोटींची निवड भरपूर. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. मात्र तिथल्या पाण्याला ओढ असते, त्यामुळे अनेक बोटी अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि ठरावीक डाइव्हचा अनुभव मागतात. बुकिंगआधी हे विचारा. अंदमानला सर्टिफिकेटनंतरचे डाइव्ह जमवून या, पासपोर्टही लागत नाही.

बजेट करताना बोटीच्या जाहिरातीतला आकडा शेवटचा समजू नका. विमान, भाड्याचा गिअर, इंधन अधिभार, क्रूची टिप आणि डायव्हिंगचा विमा हे वेगळं. मालदीवचा ग्रीन टॅक्स जानेवारी २०२५ पासून बोटींवर माणशी रोज बारा डॉलर झाला आहे. आठवड्याचा हिशोब करून बघा.

आणखी एक प्रश्न विचारायचाच : रात्री पहाऱ्याला कोण असतं? २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली. खाली झोपलेले चौतीस जण गेले. आगीचं नेमकं कारण सिद्ध झालं नाही, पण रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. चार्जिंगला लावलेल्या लिथियम बॅटऱ्यांवरही बोट ठेवलं गेलं. म्हणजे हा विषय थेट आपल्या कॅमेऱ्याचा आहे. झोपताना बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. आणि बोटीवर पाय ठेवल्याबरोबर केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवायच्या.

तिसरा टप्पा : आता कॅमेरा

पाणी आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा. म्हणून महागड्या कॅमेऱ्याचे फोटोही निळसर येतात. उपाय दोन : जवळ जा आणि प्रकाश सोबत न्या. मासा हातभर अंतरावर असेल तर मधलं पाणी कमी आणि रंग जास्त. फ्लॅश मात्र लेन्सच्या अगदी शेजारून मारला की पाण्यातले कण उजळतात आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. तो बाजूला, थोडा दूर ठेवा. वरून खाली फोटो काढण्यापेक्षा खालून वर काढा, मागे मोकळं निळं पाणी येतं.

कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ केस आधी रिकामीच बादलीत बुडवा, आत टिश्यू पेपर ठेवून. पेपर कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. रबरी रिंगवर अडकलेला एक केससुद्धा पाणी आत घ्यायला पुरतो.

पण खरा प्रश्न रबरी रिंगचा नाही, तोलाचा आहे. पाण्यात न बुडता, न वर जाता एका जागी तरंगता येणं. ज्याला हे जमत नाही, तो फोटोसाठी प्रवाळाला धरतो, फिन्सनी तोडतो. २०२४ मध्ये समुद्र तापल्यानं लक्षद्वीपपासून जगभर प्रवाळ पांढरे पडले. त्या जखमेवर आपली लाथ नको. शिवाय स्क्रीनमध्ये डोकं घातलेला डायव्हर हवेचा काटा बघायला विसरतो, सोबत्याला विसरतो. यातलं काहीही जिवावर बेतू शकतं.

तेव्हा कॅलेंडर काढा. दिवाळीनंतर तारकर्लीला कोर्स. त्यानंतरच्या मोसमात अंदमान, अॅडव्हान्स्ड आणि वीस-पंचवीस डाइव्ह. मग लिव्हअबोर्ड. बोटीवरच्या पहिल्या दोन डाइव्हना कॅमेरा केबिनमध्येच राहू द्या. समुद्र आधी डोळ्यांनी बघा, हात रिकामे ठेवून, आणि श्वास चालू ठेवून!