बँडवाल्यांशी ओळख कर

चि. मुग्धा,

लडाखला युनिटची डॉक्टर, आरएमओ म्हणून निघालीस, हे वहिनीकडून कळलं. तू विचारलंस, १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासला मी ऑपरेशनं किती केली. एकही नाही गं. डोंगराच्या आडोशाला दगड रचून वर ताडपत्री ओढली की झाली आमची रेजिमेंटल एड पोस्ट! तिथे कसली ऑपरेशनं? रक्त थांबवायचं, श्वासाची वाट मोकळी ठेवायची, मोडलेलं हाड बांधायचं, ऊब द्यायची आणि खाली धाडायचं.

खरा घोर असायचा तो या खाली धाडण्याचा. शत्रू माथ्यावर, आपण उतारावर. दिवसा हालचाल दिसली की तोफगोळा आलाच. सकाळी जखमी झालेला जवान कित्येकदा अंधार पडेपर्यंत खडकामागे पडून असे. स्प्लिंटरची जखम पुढून चण्याएवढी दिसते, म्हणून पाठ बघितल्याशिवाय कुणाला सोडू नकोस. त्या थंडीत अंगावरचे कपडे कापायला हात धजत नाही. तरी काप, एक बाजू बघ, झाक, मग दुसरी. आमचा नर्सिंग असिस्टंट सलाइन कोटाच्या आत पोटाशी धरून बसायचा, नाहीतर नळीतच बर्फ. मॉर्फिन दिलंस की कपाळावर ‘एम’ आणि वेळ लिही. खालच्याने नकळत पुन्हा टोचलं तर श्वासच थांबायचा. बॉलपेन थंडीत दगा देतं, मार्कर खिशात ठेव.

पण मला सर्वांत घाबरवलं ते अंगावर ओरखडाही नसलेल्या एका हवालदाराने. सगळे म्हणाले, दमलाय. ओठ निळे, बसल्या जागी धाप, छातीत बुडबुड आवाज. फुप्फुसात पाणी! द्रासच १०,८०० फुटांच्या आसपास आणि लढाई त्याच्याही वर, १५-१६ हजारांवर. ऑक्सिजन लावला, पण यावर खरा उपाय एकच, खाली उतरवणं. रात्रीची वाट न बघता उतरवला, वाचला.

उंचीची सवय व्हायला आपल्या लष्करात ६, ४ आणि ४ दिवसांचे तीन टप्पे आहेत. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांमधल्या उंचीच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये छापला, तो आजही जगभर वाचतात. लढाईची घाई लागली की पहिली कात्री या दिवसांनाच लागते. तेव्हा सीओसाहेबांच्या कानावर हे आत्ताच, सगळं शांत असताना घाल. गोळीबार सुरू झाल्यावर डॉक्टरचं ऐकायला कुणाला सवड नसते, आणि त्यांचंही चूक नसतं.

पोचल्यावर आधी पलटणीच्या बँडवाल्यांना भेट. लढाईत स्ट्रेचर उचलतात ते हेच. त्यांची तालीम रात्री घे, बॅटरी न लावता, आणि स्ट्रेचरवर युनिटमधला सगळ्यांत धिप्पाड गडी झोपव.

यातलं दादाला काही बोलू नकोस. तू लेहच्या हॉस्पिटलात हीटरपाशी बसणार, अशी त्याची समजूत आहे.

तुझा,
काका